आंतरराष्ट्रीय कायद्याचे नवे अभ्यासक आणि भाषेचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय कायदा पालटत असता त्याविषयीचे नवे संशोधन कोणी मांडावे, हा प्रश्न भाषेचाही आहे. तरुण अभ्यासकांना थोर विधिज्ञांच्या सान्निध्यात आणण्याचे श्रेय १९२३ साली स्थापन झालेल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीस निर्विवाद द्यावे लागेल. परंतु तिच्या उन्हाळी वर्गांचे अध्यापन चालते ते इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये. उलट, करारविषयक कायद्यासंबंधीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे ३३ वे कलम, अन्यथा ठरले नसल्यास, अनेक भाषांत प्रमाणित केलेल्या संहितांना समान अधिकार देते. संहितेस लाभलेली ही समता संशोधकास लाभत नाही. अरबी वा चिनी संहितेतील अर्थच्छटा जाणणाऱ्या नवोदितास आपले निरीक्षण परभाषेत मांडता न आले, तर हानी कायद्याचीच होते. म्हणून अशा व्यासपीठांनी निबंध स्वभाषेत स्वीकारून भाषांतराचा भार स्वतः उचलावा. नाहीतर कायदा पालटेल, भाष्यकार तेच राहतील.