रांगडा कोल्हापूरकर, शहाणा पुणेकर आणि फडातला तिसरा माणूस
(बिद्री, ता. कागल येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मित्रहो, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या मावश्या आणि मुली,

एक साधी गोष्ट विचारून सुरुवात करूया. आपल्याकडच्या किती बायका 'मी जाते' म्हणतात आणि किती 'मी जातो' म्हणतात? हसू नका. इथं 'मी करतो', 'मी आलो' म्हणणाऱ्या आया-बहिणी आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. आमच्या ओळखीतली एक मुलगी शिकून पुण्याला मुलाखतीला गेली. सगळं नीट चाललं होतं. मग ती बोलता बोलता म्हणाली, 'हे काम मी करतो.' समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. नोकरी मिळाली तिला, पण त्या दिवसापासून ती घरी फोनवर एक भाषा बोलते आणि बाहेर दुसरी. आता तर घरच्या फोनवर बोलतानाही मध्येच अडखळते.

व्याकरणाच्या बाजूनं बघितलं तर हसण्यासारखं त्यात काही नाही. शेजारच्या कन्नडमध्ये 'मी' म्हणून बोलताना क्रियापद बाई-पुरुष असा भेद करतच नाही. इथून मुधाळ तिट्ट्यावरून निपाणीकडं गेलं की आपण कर्नाटकात. सीमेवरची बोली अशीच असणार. पण पुण्याच्या कानाला ती चूक वाटते, आणि आपल्यालाही ती चूकच वाटायला लागते. आजचं बोलणं याच्यावर आहे. माणसाचा प्रदेश बघून त्याच्या अकलेचा, स्वभावाचा ठोकताळा बांधायचा, ही सवय आपल्या साहित्यात, सिनेमात, मालिकेत कशी आली आणि तिनं आपलं काय केलं, हे बघायचं आहे.

पु. ल. देशपांड्यांचं मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर हे कथाकथन ऐकलं नाही असं घर मराठीत कमी. ते आम्हांलाही आवडतं, हे आधी सांगून टाकतो. त्यातली खरी गंमत अशी आहे की पु.ल. विचारतात, तुम्हाला कोण 'व्हायचंय'? म्हणजे पुणेकर हा जन्मानं नसतो, तो होता येतो. अटी पाळल्या की झालं. प्रादेशिक स्वभाव म्हणजे रक्तातली गोष्ट नाही, ती घेतलेली ढब आहे, हे विनोदाच्या आडून त्यांनी नेमकं दाखवलं. ऐकणाऱ्यांनी मात्र उलटं घेतलं. 'पुणेकर असतातच असे' म्हणून लोक ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. विनोद राहिला आणि त्यातला विचार गळून गेला.

आणि त्या तिघांत कोल्हापूरकर नाहीच. आपल्या लोकांना याचं वाईट वाटतं. आम्हांला वाटतं, वाईट वाटायचं कारण वेगळं आहे. कोल्हापूरकराचा साचा दुसऱ्यांनी नंतर तयार केला आणि तो फार हलका तयार केला. लाल तिखट रस्सा, करकर वाजणारी चप्पल, तालमीतलं शरीर, मोठा आवाज, मोठं मन आणि लहान डोकं. मुंबईच्या हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' मागवा, लालभडक काहीतरी येतं. आपल्या घरात ती भाजी कुणी करत नाही. आपल्याकडं तांबड्याच्या जोडीला पांढरा रस्सा असतो, सौम्य, खोबऱ्याच्या दुधाचा. पण पांढरा रस्सा साच्यात बसत नाही, म्हणून तो मेनूकार्डावर येत नाही.

आता ठोकताळा सोडून इतिहास बघूया. 'शिकलेलं पुणं आणि रांगडं कोल्हापूर' म्हणतात. गोपाळ कृष्ण गोखले म्हणजे पुण्याच्या शहाणपणाचा नमुना. त्यांचं लहानपण गेलं आपल्या कागलात. वडील कागलला नोकरीला होते. पुढं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. प्रभात फिल्म कंपनी हा पुण्याचा अभिमान. ती 1929 साली कोल्हापुरात निघाली आणि 1933 साली पुण्याला गेली. शिक्षणाचंच म्हणायचं तर 1917 साली सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलं. त्याच्या आधी, 1902 साली, मागासलेल्या जातींसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. इथून जवळ गारगोटीत जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ उभं केलं आणि तेच नाईक पुढं 1964 ते 1966 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. देशाच्या शिक्षणाचा आराखडा ज्यांच्या हातून लिहिला गेला, त्यातला एक माणूस याच लाल मातीतला. आता सांगा, कोण रांगडं आणि कोण शिकलेलं?

पण भांडण खोटं होतं असंही नाही. 1899 च्या सुमारास वेदोक्ताचं प्रकरण निघालं. महाराजांना वेदोक्त विधींचा अधिकार नाही, असं पुरोहितांनी ठरवलं, आणि पुण्यातल्या मोठ्या मोठ्या लोकांनी त्यांची बाजू घेतली. तेव्हा पुणं-कोल्हापूर हा वाद स्वभावाचा नव्हता. कुणी शिकायचं, कुणी अधिकारावर बसायचं, हा वाद होता. साच्याचं काम इथं लक्षात घ्या. सत्तेचं भांडण असतं, साचा त्याला स्वभावाचं भांडण करून टाकतो. मग अधिकार राहतो बाजूला आणि आपण पाट्यांवर आणि रश्श्यावर विनोद करत बसतो.

आता पुस्तकांकडं येऊ. आनंद यादव आपल्या कागलचे, जन्म 1935 चा. त्यांची 'गोतावळा' 1971 साली आली. अख्खी कादंबरी नारबा नावाचा सालगडी सांगतो, आणि सांगतो आपल्या बोलीत. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरं जातात आणि त्या जनावरांतच ज्याचा गोतावळा होता तो माणूस एकटा पडतो. या कादंबरीपर्यंत मराठी पुस्तकात बोली बहुतेक करून संवादात यायची. लेखक प्रमाण भाषेत विचार करायचा आणि गडी मध्येच बोलीत बोलून हसवायचा. यादवांनी विचारच बोलीत केला. एकटेपण, मायेची ओढ, यंत्राची भीती हे सगळं या भाषेत मावतं, हे दाखवलं. वाचताना एकदाही हसू येत नाही, आणि तेच त्या पुस्तकाचं मोठं काम आहे.

त्यांचीच 'नटरंग' घ्या. 2010 साली तिच्यावर सिनेमा आला, तो सगळ्यांनी पाहिला आहे. गुणा कागलकर हा पैलवानी अंगाचा मजूर. म्हणजे साच्यातला पक्का कोल्हापूरकर. त्याला तमाशाच्या वेडापायी नाच्या व्हावं लागतं आणि सगळा गाव त्याच्यावर उलटतो. यादव इथं पुण्याला काही बोलत नाहीत, आपल्याला बोलतात. मर्दपणाचा साचा दुसऱ्यांनी लादला तेवढाच आपण आवडीनं अंगावर घेतला, आणि त्यात न बसणारा आपलाच माणूस आपणच चिरडला.

याच्या शेजारी 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका ठेवून बघा. 2016 ते 2021, जवळपास सव्वाचार वर्षं ती चालली. रोज रात्री घराघरांत आपली बोली ऐकू आली, हे तिचं देणं आहेच. अनेकांना काम मिळालं, तेही खरं. पण नायक राणा कोण? पैलवान, मनानं सोनं, शिक्षणानं कमी. आणि त्याला शहाणपण देणार कोण? शिकलेली शिक्षिका. 'चालतंय की' हे त्याचं वाक्य महाराष्ट्रभर झालं. कोल्हापूरकर भला, पण भोळा. अशी स्तुती टोमण्यापेक्षा जास्त चिकटते, कारण ती ऐकताना आपल्यालाच बरं वाटतं. 1971 च्या नारबाला स्वतःचा विचार होता. पंचेचाळीस वर्षांनी आलेल्या राणाला वाक्य मिळालं. ही प्रगती म्हणायची का, तुम्हीच ठरवा.

आणि हो, 'झोंबी'. 1987 सालचं यादवांचं आत्मचरित्र, 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार. शिकायचं म्हणून कागलच्या एका पोरानं बापाशी, गरिबीशी घेतलेली झोंबी. त्याला प्रस्तावना कुणाची? पु. ल. देशपांड्यांची. ज्यांच्या कथाकथनात आपण नाही म्हणून आपण कुरकुरतो, त्याच माणसानं आपल्या पोराचं पुस्तक हातात धरून मराठी वाचकापुढं नेलं. प्रदेशाच्या साच्यापलीकडं माणूस माणसाला असा भेटतो.

थोडं बाहेर जाऊन येऊ. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण हा भेद आपल्यापेक्षा फार रक्ताचा. 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, गुलामगिरीवरून. त्यानंतर उत्तरेकडच्यांनी दक्षिणेचा माणूस रंगवला तो हेल काढून बोलणारा, मंद, अडाणी. 1962 ते 1971 तिकडच्या टीव्हीवर 'द बेव्हर्ली हिलबिलीज' नावाची मालिका चालली. डोंगरातलं गावंढळ, भोळं कुटुंब श्रीमंतांच्या वस्तीत राहायला येतं आणि आपण हसतो. ओळखीचं वाटतंय ना? उलट दक्षिणेनं स्वतःचं चित्र काढलं ते 'गॉन विथ द विंड'सारखं. 1939 चा सिनेमा. शूर पुरुष, देखण्या हवेल्या, हरवलेलं वैभव. एक चित्र अपमानाचं, दुसरं अभिमानाचं. आणि दोन्हींत एक माणूस धड दिसत नाही: ज्याच्या राबण्यावर त्या हवेल्या उभ्या होत्या तो काळा माणूस. दोघांच्या भांडणात तिसरा गायब.

आपली तुलना गुलामगिरीशी नाही, ते स्पष्ट सांगतो. पण तिसरा माणूस आपल्याकडंही आहे, आणि बिद्रीत उभं राहून त्याचं नाव घेतलं नाही तर हे व्याख्यान खोटं होईल. दिवाळीच्या आसपास आपल्या कारखान्याचा हंगाम सुरू होतो. बीडकडून, मराठवाड्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसाला हत्याराचं नाव देऊन आपण मोजतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पहाटेपासून फडात. पाचटाच्या कोपीत पोरं. आणि आपण त्यांच्याबद्दल काय बोलतो? 'टोळीवाली', 'त्यांचं असंच असतंय', 'उचल घेऊन पळणारी'. कुणी उचल बुडवली असेलही. पण एकाच्या करणीचा शिक्का सगळ्या जिल्ह्यावर मारायचा, हेच तर पुणं आपल्याशी करतं म्हणून आपली तक्रार आहे.

त्यांचं पोर आपल्या शाळेत येऊन बसलं आणि 'मी घरी जायलो' म्हणालं, की आपली पोरं हसतात. 'मी जायलो.' आता सुरुवातीचं 'मी जातो' आठवा. पुण्यातल्या त्या खोलीत आपल्या मुलीवर दोघं हसले होते. इथल्या वर्गात आपण चाळीसजण हसतो. तिला निदान नोकरी मिळाली. हे पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, ते फडात भावंडं सांभाळतं. हंगाम संपेपर्यंत त्याचं निम्मं वर्ष गेलेलं असतं. ज्या मातीत 1917 साली सक्तीचं शिक्षण आलं, त्याच मातीत हे होतं.

समीक्षेचं काम पुस्तकाला बरं-वाईट म्हणण्यापुरतं नाही असं आम्ही मानतो. 'गोतावळा' आपल्याला का लागते? कारण सालगड्याचा विचार त्याच्या भाषेत ऐकायची सवय ती लावते. ती सवय कागलच्या सालगड्यापाशी थांबली तर आपण कादंबरी वाचली नाही, फक्त आपला फोटो बघितला. उद्याची 'झोंबी' कोपीतलं पोर लिहील, आणि ती 'जायलो', 'करायलो'च्या भाषेत असेल. तिला प्रस्तावना लिहिणारा इथला कुणी असेल का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तेव्हा दोन गोष्टी मागतो. मुलींनो, 'मी जातो' म्हणत राहा. प्रमाण भाषा शिका, ती कामाची आहे, पण ही टाकू नका. आणि इथं जे शिक्षक बसले आहेत त्यांना विनंती. हंगामात टोळीचं पोर वर्गात आलं की पहिल्या दिवशी त्याला त्याच्या बोलीत एक गोष्ट सांगायला लावा, आणि बाकीच्यांना ती ऐकायला लावा. हसू आलं तर येऊ दे. गोष्ट संपेपर्यंत ते बहुधा थांबतं.

आता तुमचे प्रश्न घेऊया. मागच्या बाकावरून हात वर आलाय, बोला भाऊ.