अंतरा गेला कुठे?

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका सभागृहात एका तरुण गवयाचा पूरिया धनाश्री ऐकला. आवाज देखणा, तयारी हेवा वाटावा अशी, तंबोरे सुरेख जुळलेले. अतिविलंबित एकतालात पस्तीसेक मिनिटं ख्याल चालला. मंद्रातला निषाद झाला, पंचमावरचा ठिय्या झाला, तार षड्जावर मुक्काम झाला. टाळ्या. मग सरगम, पुन्हा टाळ्या. तबलजीनं द्रुत तीनतालाचा ठेका धरला तेव्हा लक्षात आलं की मी अजून कशाची तरी वाट बघतोय. अंतरा व्हायचा होता. तो झालाच नाही. शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं, "अंतरा म्हटला का हो यांनी?" मोबाइलवरचं चित्रीकरण न थांबवता त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पंगत उठल्यावर मी मठ्ठा मागितला होता.

त्या रात्रीपासून एक खोड लागली आहे. मैफलीला जाताना खिशात छोटी वही असते. गायक, राग, ताल आणि पुढे एकच खूण: बड्या ख्यालाचा अंतरा म्हटला की नाही. या हिवाळ्यातली पानं चाळली तर फुल्याच जास्त आहेत. आणि ज्यांच्यापुढे बरोबरची खूण आहे, त्यांतही निम्म्यांनी अंतरा एकदा घाईनं उरकून टाकला आहे, पाहुणे निघताना दारातच हळदीकुंकू लावावं तसा.

म्हणून हा लेख. आजच्या ख्यालगायनाचा आढावा घ्या, असं संपादकांचं म्हणणं होतं. आढावा घेईन, पण वहीतल्या त्या फुल्यांवरूनच घेईन.

आधी थोडी आवराआवर. सिनेमामुळे 2015 नंतर नाट्यसंगीताला पुन्हा गर्दी व्हायला लागली, याचा आनंद आहे. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या जागा हुबेहूब घेणं हा स्मरणशक्तीचा प्रयोग झाला, गाण्याचा नव्हे. अभंगांचे कार्यक्रम हा आता स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याचा हिशेब कोणीतरी दुसऱ्यानं मांडावा. ड्रमसेट पाठीशी घेऊन यमन गाणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांच्या साउंड इंजिनिअरबद्दल आदर आहे. सरगमीच्या आतषबाजीला दिवाळीचे चार दिवस आहेतच.

राहिला ख्याल. आणि ख्याल म्हटलं की मला उल्हास कशाळकरांपाशी यावंच लागतं. कशाळकरांचं गाणं मी चाळीसएक वर्षं ऐकतोय. पांढरकवड्याहून निघालेला हा गवई राम मराठ्यांकडे शिकला, गजाननराव जोशांकडे शिकला. गजाननरावांनी वडील अंतूबुवांकडून ग्वाल्हेर घेतलं होतं, विलायत हुसेन खाँकडून आग्रा, भूर्जी खाँकडून जयपूर. तीन घराण्यांची ही शिदोरी एका गळ्यात आल्यावर तिची मिसळ होण्याचा धोका होता. झाली नाही, याचं कारण माझ्या मते एकच: त्यांच्या गाण्यात चीज मालकीण आहे. राग तिच्या घरात राहतो.

तिलवाड्यातला त्यांचा एखादा ख्याल आठवून बघा. मुखडा चार-साडेचार मात्रा आधी उचलतात आणि समेवर असा ठेवतात की मांडीवर मात्रा मोजणाऱ्याची थाप आपोआप पडते. लय अशी की श्रोत्याला आवर्तन पेलतं. हरवायला होत नाही. शेजारी तळवलकर असतील तर ठेका स्वच्छ, भरजरी काही नाही. अस्ताई दोनदा पूर्ण म्हणून झाल्यावर शब्द घेऊन बढत. निषादापर्यंत येतात, तार षड्ज नुसता दाखवतात, परत फिरतात. दोनदा, तीनदा. आपण खुर्चीत पुढे सरकतो. आणि मग अंतऱ्याची ओळ उचलली जाते, नेमक्या शब्दावर तार षड्ज, नेमकी त्याच मात्रेवर सम. त्यानंतर अंतऱ्याचीही बढत होते, बोलअंगानं, आणि शेवटचं अक्षर मुखड्यात असं मिसळतं की सांधा दिसत नाही. जुनी मंडळी याला 'आमद' म्हणत. समेकडे येण्याची चाल. चाल नसेल तर समेवर येणं म्हणजे बसस्टॉपवर उतरणं.

ही रीत कशाळकरांनी शोधलेली नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली तेव्हा ती चिजांच्या गाठोड्यातूनच आणली. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर शिकले आणि मग मंजी खाँ, भूर्जी खाँकडून जयपूर. त्यांचं गाणं कधी रेंगाळलं नाही. रोज फिरायला जाणाऱ्या माणसाच्या पावलांसारखी सम यायची. मोगूबाईंची लय तर काय सांगावी! कुर्डी गाव साळावलीच्या धरणाखाली गेलं, बाईंच्या बोलतानांचा हिशेब मात्र अजून ध्वनिफितींत कोरडा ठणठणीत आहे.

आणि कुमार गंधर्व. हे नाव इथं आलं की भुवया उंचावतात, कारण कुमारजी म्हणजे बंडखोर, घराणी मोडणारे. मोडली असतील. पण त्यांनी चीज मोडली का? 'अनूपरागविलास' उघडा. स्वतःच्या रचना, अस्ताई-अंतऱ्यासकट, मात्रांत बसवून लिहिलेल्या. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालेला माणूस. लांबलचक दमसास हे ज्याचं हत्यार असूच शकत नव्हतं, त्यानं बंदिशीलाच राग बोलायला लावला. 2024 मध्ये त्यांची शताब्दी झाली. भाषणांत बंडखोरीचा उल्लेख पुन:पुन्हा आला. अंतऱ्याचा मी तरी ऐकला नाही.

आज या वाटेनं कोण चाललं आहे? अश्विनी भिडे-देशपांडे, ज्यांनी 'रागरचनांजली'त स्वतःच्या बंदिशी छापून लोकांसमोर ठेवल्या. अरुण कशाळकर, 'रसदास' या नावानं रचना करणारे, आग्र्याचं बोलबनाव अजून चवीनं करतात. व्यंकटेश कुमारांचा आवाज लागला की मी वही खिशात ठेवतो आणि नियमभंग करतो, हे कबूल. तरुणांतही दोन-चार आहेत; नावं घेत नाही, कारण या वयात कौतुकाची दृष्ट लागते.

बाकीचे? बाकीच्यांकडे आवाज आहे. सूर आहे, कदाचित कशाळकरांच्या पिढीपेक्षाही काटेकोर. त्यांच्यातल्या एकाला मी सरळच विचारलं. मुलगा गुणी आहे, माझ्यासारख्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याइतका सभ्यही. म्हणाला, "काका, अंतरा म्हणजे तार षड्जाला जायची वाट. ती आलापानं आधीच झालेली असते. मग परत शब्द कशाला?"

हा युक्तिवाद मी बरेच दिवस घोळवला. तो कुठून आला तेही ठाऊक आहे. अमीर खाँसाहेब विलंबितात अंतरा बहुधा वगळत. 1960 ची ती मारवा-दरबारीची एलपी आमच्या पिढीनं सुई बोथट होईपर्यंत वाजवली. झूमऱ्याची ती संथ चाल, तो खोल गेलेला आवाज; तिथं अंतऱ्याची आठवण कोणाला येणार? मलाही येत नाही. पण खाँसाहेबांनी अंतरा सोडला तो जवळ होता म्हणून. सोडायला आधी हातात असावा लागतो. किशोरीताईंचंही तेच. जयपूरची बांधीव चाल सैल करून त्या आलापीच्या वाटेनं गेल्या, पण त्याआधी माईंसमोर, म्हणजे आई मोगूबाईंसमोर बसून चिजा गळ्यात उतरवून घेतल्या होत्या. ज्यांनी घर सोडलं त्यांना घराचे वासे माहीत होते. हल्लीची मुलं बेघरच जन्माला येतात आणि त्याला संन्यास म्हणतात.

आणि वाटेचं म्हणाल तर अंतरा ही नुसती जिन्याची वाट नाही. नायकी कानडा घ्या. धैवत नाही. वर जायला लागलं की सूहा, सारंग अशी शेजारपाजारची मंडळी दार अडवून उभी. आलापानं जाणारा गवई एक तर घाबरून तेच ते म्हणतो किंवा बेधडक शेजाऱ्याच्या ओसरीवर चढतो. जुन्या चिजेचा अंतरा तिथून नेमकी बोळ काढून देतो: या शब्दावर असं जा, या शब्दावर असं उतर. आडरागांत अंतरा म्हणजे रागाच्या उत्तरांगाचा सातबारा आहे. तो ज्याच्याकडे नाही तो नायकी गातच नाही, हंसध्वनी गातो. आता कळलं का, मैफलींत हंसध्वनी इतका का वाढला?

वेळ नसतो, असंही सांगतात. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, चार कलाकार, प्रत्येकाला पाऊण तास. रमणबागेत रात्र जागवलेल्यांना ही अडचण समजते. पण मग केसरबाईंच्या 78 च्या तबकड्या काढा. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात अस्ताई, अंतरा, ताना, आणि बाई घाईत आहेत असं एकदाही वाटत नाही. तीन मिनिटांत बसणारा अंतरा पस्तीस मिनिटांत बसत नाही, याला वेळेची अडचण म्हणणार?

अडचण लयीची आहे. एकतालाच्या बारा मात्रा आता इतक्या ताणतात की एक आवर्तन मिनिटाच्या घरात जातं. तबलजी मात्रेच्या पोटात चार-चार ठोके भरून पूल बांधत असतो, नाही तर गवयालाच पलीकडचा काठ दिसणार नाही. या लयीत शब्द विरघळतात. 'पि' इथं, 'या' दीड कोसावर. अशा मापानं अंतरा म्हणायचा तर दोन-तीन मिनिटं नुसतं पाठांतर सांभाळावं लागेल, कोणतं अक्षर कोणत्या मात्रेवर ते. ते शिकायला गुरूसमोर महिनोन्‌महिने एकच चीज घोटावी लागते. त्याऐवजी मुखडा तेवढा घ्यायचा, खुंटीसारखा, आणि त्याला आलापाचे अंगरखे अडकवत राहायचं.

चिजा मिळत नाहीत, हे तर कोणी म्हणूच नये. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांचे सहा भाग कुठल्याही ग्रंथालयात धूळ खात आहेत, शेकडो चिजा, अंतऱ्यांसकट. खरी गंमत पुढे आहे. विशारदच्या परीक्षेत विद्यार्थ्याला बड्या ख्यालाची स्वरलिपी लिहावी लागते. अंतरा गाळला तर गुण जातात. म्हणजे हीच मुलं अंतरा कागदावर लिहितात, त्याचे गुण घेतात, आणि मंचावर बसली की तो त्यांना नको होतो!

पण मुलांवर सगळं ढकलून मला सुटता येणार नाही. सभागृहात बसलेलो आम्ही कोण आहोत? पूर्वी दाद समेवर जायची, मान हलायची, तोंडून 'वा' निघायचं. आता तान निम्म्या आवर्तनात असते आणि टाळ्यांचा पाऊस पडतो. गवई काय करणार? थांबतो, हसतो, नमस्कार करतो, आणि सम बिचारी रिकाम्या घरी येऊन परत जाते. ज्या श्रोत्याला सम कळली नाही तरी चालतं, त्याला अंतरा कशाला हवा? मोजणाऱ्या मांड्या संपल्या. मी स्वतः फोनवर ख्याल लावतो तेव्हा बोटानं पट्टी पुढे सरकवतो, थेट ताना जिथं सुरू होतात तिथं. गेल्याच आठवड्यात हे करताना नातीनं पकडलं. "आजोबा, मधलं का सोडलं?" उत्तर सुचलं नाही. म्हणून तंबी गवयांना देतोय असं कोणाला वाटलं, तर ते अगदीच चूक नाही.

तरीही मागणं सोडणार नाही. आयोजकांनो, पत्रिकेत रागाबरोबर चीज छापा, दोन्ही अंगांनी. छापलेलं म्हणावंच लागतं. आणि गुरुजनांनो, तंबोऱ्यावर शिष्याला बसवता ते नुसता सूर धरायला की त्याला चीजही येते?

हे विचारण्याला कारण आहे. माझ्याकडे एक जुनी कॅसेट आहे, नव्वद मिनिटांची. कोल्हापूरकडच्या एका बुवांची घरगुती बैठक, बिहागडा. पहिली बाजू पंचेचाळीस मिनिटांवर संपते ती बरोबर अंतऱ्याच्या पहिल्या ओळीनंतर. खट्. दुसरी बाजू सुरू होते तेव्हा बुवा तानेत असतात. तीस वर्षं ती दुसरी ओळ मी मनानं भरत आलो. गेल्या वर्षी एका स्नेह्यानं मूळ स्पूलवरून केलेली अख्खी प्रत दिली. दिवे मालवून ऐकायला बसलो.

पहिली ओळ झाली. दुसरीच्या तोंडाशी बुवा अडखळले. विसरले होते. ठेका चालूच, दोन मात्रा, तीन. बुवांचा खाकरा ऐकू येतो. आणि मागून, तंबोऱ्याच्या बाजूनं, एक कोवळा आवाज चार शब्द सांगतो. बुवा "हां" म्हणतात, ते शब्द उचलतात आणि समेवर येतात.