बहिणाबाईंची गाणी : टिपणाऱ्याचा हात

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. आसोदे हे त्यांचे माहेर, जळगाव सासर. त्यांची गाणी पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने व प्रस्तावनेसह ती १९५२ मध्ये, कवयित्रीच्या निधनानंतर, ग्रंथरूप झाली. अत्रे यांच्या गुणग्राहकतेचा गौरव पुष्कळ होतो, आणि तो रास्तच आहे. परंतु सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीचे कवी. असे असूनही आईची बोली छापील संहितेत टिकून राहिली, हा संयम मला त्या प्रस्तावनेइतकाच मोलाचा वाटतो. अर्थात, घरोटावरचे गाणे कागदावर उतरताना त्यातील लय आणि पुनरुक्ती यांचे काय झाले, हे विचारल्यावाचून पाठ्यपुस्तकातील कवितेला मूळ संहिता मानणे घाईचे ठरेल.