ओसरी आणि माजघर: तिरुवैयारुच्या परिप्रेक्ष्यातून रागरॉकचे पुनर्वाचन

१

१९६५ ते १९६८ या काळातील सायकेडेलिक रॉक आणि फोक-रॉक ध्वनिमुद्रिकांमध्ये भारतीय वाद्ये, रागसदृश स्वरावली आणि आधारस्वराचे सातत्य यांचा जो वापर झाला, त्यास 'रागरॉक' असे नाव मिळाले. या वापराविषयी आजवर झालेल्या विवेचनात सामान्यतः दोन भूमिका आढळतात. पहिली भूमिका त्यास पौर्वात्यवादाचा लोकप्रिय आविष्कार मानते: सतार ही गूढतेची खूण, आणि खुणेपलीकडे तिला स्थान नाही. दुसरी भूमिका त्यात दोन संस्कृतींचा समन्वय पाहते. भूमिका परस्परविरोधी असल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. परक्या संगीताचे अभिग्रहण ही पश्चिमेची कृती आणि भारतीय संगीत हे तिचे कर्म, असे दोन्ही भूमिका धरून चालतात. हे गृहीतक तपासायचे असेल, तर जेथे भारतीय संगीत हेच अभिग्रहणाचा कर्ता होते, अशा स्थळाकडून या ध्वनिमुद्रिकांकडे पाहावे लागते. तंजावरजवळचे कावेरीकाठचे तिरुवैयारु हे तसे स्थळ आहे.

२

तंजावरची मराठी सत्ता १६७६ ते १८५५ या काळातील. त्यागराजांचा (१७६७–१८४७) तिरुवैयारुतील निवास आणि दुसऱ्या सरफोजीराजांची कारकीर्द (१७९८–१८३२) बऱ्याच अंशी समकालीन आहेत. राजदरबाराचे निमंत्रण त्यागराजांनी नाकारल्याची कथा परंपरेने जपली आहे. तथापि, दरबार आणि संतकवीचे घर यांत अंतर असले तरी दोहोंचे श्राव्य वातावरण सर्वस्वी भिन्न नव्हते. सरफोजींच्या पदरी पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंद होता. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील कंपनीच्या बँडचे सूर तर मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या (१७७५–१८३५) रचनांत थेट उतरले. 'नोट्टुस्वर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या सुमारे ४० रचना बहुतांशी पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या संस्कृत साहित्याच्या आहेत. ब्रिटिश राजगीताच्या चालीवरील 'संततं पाहि माम्' ही त्यांतील सर्वांत बोलकी रचना होय. राज्यकर्त्याच्या स्तुतीची चाल येथे देवीच्या प्रार्थनेकडे वळते. चाल राहते, संहिता बदलते, आणि संहितेबरोबर चालीचा धनीही बदलतो. त्यागराजांच्या 'वरलील गानलोल' या शंकराभरणातील कृतीतही पाश्चात्त्य चालीची छाया अभ्यासकांनी दाखविली आहे.

या रचना शंकराभरणात का आल्या, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. शंकराभरण हा २९ वा मेळ. त्याची स्वरस्थाने पाश्चात्त्य मेजर सप्तकाशी जुळतात. आगंतुक चालीला यजमानाच्या व्याकरणात जेथे आधीच जागा होती, तेथेच तिचे स्वागत झाले. परंतु या स्वागताला मर्यादाही होती. नोट्टुस्वर गमकांशिवाय, सरळ स्वरांत गायले जातात. शंकराभरणाची जी खरी ओळख, म्हणजे स्वराचे आंदोलन आणि एका स्वराचा दुसऱ्याशी असलेला ओढाळ संबंध, ती येथे अनुपस्थित असते. म्हणून परंपरेने या रचना टाकल्या नाहीत, पण बालशिक्षणात आणि मैफलीच्या कडेला ठेवल्या. मराठी घराच्या भाषेत सांगायचे, तर हा पाहुणा सन्मानाने ओसरीवर बसला.

व्हायोलिनची गती वेगळी झाली. बालुस्वामी दीक्षितर आणि तंजावरच्या नर्तक-रचनाकार बंधुचतुष्टयातील वडिवेलु यांच्या पिढीने हे वाद्य आपलेसे केले. त्याची जुळणी षड्ज-पंचमाच्या जोडीने होऊ लागली. वादक जमिनीवर बसला, वाद्याचे टोक पायावर टेकले, आणि डाव्या हाताची बोटे गमकासाठी तारेवर मोकळी झाली. अमांडा वाइडमन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कर्नाटक संगीतातील 'स्वतःच्या' आवाजाची आधुनिक कल्पनाच या परक्या वाद्याच्या साहचर्याने कशी घडली, याची चर्चा केली आहे. आज पुष्य कृष्ण पंचमीस तिरुवैयारु येथील त्यागराज आराधनेत नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतील पंचरत्न कृती समूहाने गायिल्या जातात, तेव्हा गायकांच्या पंक्तीत व्हायोलिन असते आणि त्याचे कुळ कोणी विचारीत नाही. ते माजघरातले झाले आहे.

या उदाहरणांतून एक निकष हाती येतो. अभिग्रहणाची प्रत आगंतुक घटकाच्या ठळकपणावरून ठरत नाही. त्याला यजमान रचनेत कोणते काम मिळाले, यावरून ठरते.

३

या निकषावर रागरॉकच्या ध्वनिमुद्रिका तपासल्यास प्रचलित श्रेणीक्रम बदलतो. बीटल्सच्या 'रबर सोल' (डिसेंबर १९६५) मधील 'नॉर्वेजियन वुड' हे सतारीच्या आगमनाचे गीत म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तेथे सतार गिटारला सहज वाजवता येईल अशीच गीताची चाल वाजविते. रचनेत तिचे काम नादवर्णापुरते आहे. हे नोट्टुस्वराचे प्रतिबिंब होय, केवळ दिशा उलटी. 'रिव्हॉल्व्हर' (ऑगस्ट १९६६) मधील 'लव्ह यू टू' मध्ये तालमुक्त आरंभानंतर तबला येतो आणि गीताची घडण आलाप व गत यांच्या क्रमाचे स्मरण देते. 'सार्जंट पेपर' (१९६७) मधील 'विदिन यू विदाउट यू' त्यापुढे जाते. त्याची स्वरावली खमाज थाटाशी, म्हणजे कर्नाटक पद्धतीतील हरिकांभोजीशी जुळणारी आहे. कोमल निषाद रॉकच्या कानाला ब्लूजमुळे आधीच ओळखीचा होता. शंकराभरणाच्या बाबतीत कावेरीकाठी जे घडले तेच येथे घडले: दोन व्याकरणांच्या सामाईक सीमेवर अभिग्रहणाचे दार उघडले. मात्र या गीतात सोळा मात्रांच्या ठेक्याकडून दहा मात्रांच्या वादनखंडाकडे होणारा पालट आणि त्यातील प्रश्नोत्तरे ही अलंकरणे नव्हेत. गीताचा सांगाडाच त्यांवर उभा आहे. पाश्चात्त्य तंतुवाद्यांना येथे दिलरुब्याची मींड अनुसरावी लागते. यजमानाला पाहुण्याची चाल शिकावी लागली, हे या रचनेचे खरे यश आहे.

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने 'द इनर लाइट' (मार्च १९६८) हे गीत अधिक लक्षणीय ठरते. त्याचे वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतील एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात मुद्रित झाले. शब्दांचा आधार 'ताओ ते चिंग'चा ४७ वा अध्याय. तोही केंब्रिजमध्ये संस्कृत शिकविणाऱ्या मायोर्काच्या हुआन मास्कारो यांच्या इंग्रजी अनुवादातून आलेला. चिनी आशय, स्पॅनिश अनुवादक, मुंबईचे वादक आणि लिव्हरपूलचा गायक, असा हा चौपदरी प्रवास आहे. नोट्टुस्वराने चाल राखून संहिता बदलली. येथे संहितेचा आशय राखून तिला नवी चाल दिली गेली. भाषांतराच्या या दोन पद्धती परस्परांच्या पूरक आहेत.

पण रागरॉकने संपूर्ण भारतीय संगीत ऐकले असे म्हणता येत नाही. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे संयुक्त राष्ट्रसंघातील गायन ऑक्टोबर १९६६ मधील, म्हणजे 'रिव्हॉल्व्हर' नंतर अवघ्या तीन महिन्यांच्या आतले. तरीही रॉकने कृती स्वीकारली नाही, वाद्यसंगीत स्वीकारले. कृतीत साहित्य आणि राग यांची फारकत करता येत नाही. त्यागराजांची कृती ऐकणे म्हणजे तेलुगू शब्दांसह, अखेरच्या नाममुद्रेसह ऐकणे. सायकेडेलिक श्रोत्याला शब्दांपलीकडचा अनुभव हवा होता. त्यामुळे ज्या परंपरेत शब्द हाच अनुभवाचा मार्ग होता, ती त्याच्या कक्षेबाहेर राहिली. रागरॉकची ही खरी मर्यादा आहे. सतार चुकीची वाजली, ही नव्हे.

४

नाममुद्रेचा मुद्दा येथे केवळ काव्यशास्त्राचा राहत नाही. 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचे नाव छापले गेले. 'सार्जंट पेपर'च्या वेष्टनावर मात्र लंडनस्थित भारतीय वादकांपैकी एकाचेही नाव नाही. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावे सर्वज्ञात व्हायला २०१७ साल उजाडावे लागले. ज्यांच्या हातांनी गीताचा सांगाडा उभा केला, ते पन्नास वर्षे निनावी राहिले. यावर असा प्रतिवाद संभवतो की, दीक्षितरांनी तरी मूळ पाश्चात्त्य चालींच्या कर्त्यांना कुठे श्रेय दिले? परंतु दोन्ही व्यवहार समान पातळीवर तोलता येत नाहीत. १७९९ च्या तहाने सरफोजींची सत्ता किल्ल्यापुरती उरली होती. कंपनीच्या चालीला दीक्षितरांच्या मान्यतेची गरज नव्हती. लंडनमधील स्थलांतरित वादकांना मात्र वेष्टनावरील एका ओळीखेरीज नोंदीचे दुसरे साधन नव्हते. सारखी कृती विषम सत्तासंबंधांत सारखी राहत नाही, हे या तुलनेने विसरता कामा नये.

या पार्श्वभूमीवर मुंबईहून लंडनला गेलेले तबलावादक केशव साठे यांची कारकीर्द निर्णायक वाटते. जो हॅरियट व जॉन मेयर यांच्या 'इंडो-जॅझ सूट' (१९६६) आणि 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' (१९६७) या ध्वनिमुद्रिकांत ते सनाम उपस्थित आहेत. तेथे दोन संगीतांची भेट हाच विषय असल्याने तबला भारताचा प्रतिनिधी म्हणून वाजतो. जॉन रेनबर्न यांच्या गटाच्या 'अ मेड इन बेडलम' (१९७७) या फोक ध्वनिमुद्रिकेत मात्र साठ्यांचा तबला पारंपरिक इंग्रजी गीतांना साथ करतो. पूर्वेची आठवण करून देणे हे आता त्याचे काम उरलेले नाही. लय सांभाळणे एवढेच काम आहे. सायकेडेलिक लाट ओसरल्यावर, गाजावाजा न होता, तबला तेथे माजघरात आला. नेमक्या याच सुमारास 'शक्ती' (१९७६) या ध्वनिमुद्रिकेत जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या गिटारसमवेत एल. शंकर यांचे व्हायोलिन वाजते, आणि ते कर्नाटक संगीताचे वाद्य म्हणून वाजते. युरोपातून आलेले वाद्य पश्चिमेला गमकासह परत मिळाले.

५

अशोक दा. रानडे यांनी संगीतकोटींच्या विचारात 'संगम संगीत' ही कोटी योजिली. वरील विवेचनावरून त्या कोटीत किमान दोन अवस्था वेगळ्या कराव्या लागतात: ओळख टिकवून झालेली भेट आणि काम मिळून झालेला स्वीकार. पहिली अवस्था लक्ष वेधते, म्हणून समीक्षा तिच्यापाशी थांबते. दुसरी कानाला वेगळी जाणवत नाही, म्हणून तिच्या कर्त्यांची नावे हरवतात. पौर्वात्यवादाचा आरोप किंवा समन्वयाचा गौरव यांपैकी काहीही करण्यापूर्वी, कोणते वाद्य कोणते काम करीत आहे आणि ते काम करणारा कोण आहे, हे दोन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. रागरॉकचा इतिहास गाजलेल्या गीतांच्या क्रमाने न लिहिता या प्रश्नांच्या क्रमाने लिहिला, तर त्यात केशव साठे यांच्यासारख्यांचे स्थान तळटीपेत राहणार नाही.