औदुंबर आणि एक वही

गेल्या वैशाखात आमच्या शाळेतला एक तरुण शिक्षक गेला. वय अवघे सत्तावीस. रात्री जेवून, आईशी चार गोष्टी बोलून झोपला, तो सकाळी उठलाच नाही. मी त्याच्याहून बराच मोठा. पण मधल्या सुट्टीत आम्ही शेजारी बसून डबा खात असू आणि कवितेवरून भांडत असू. त्याच्या डब्यात दोन भाकऱ्या नेहमी जास्त असत. डबा न आणलेले पोर तो बरोबर हेरी आणि म्हणे, "अरे, आईनं आज फारच दिलंय. एवढं संपव बघू, नाहीतर घरी मला बोलणी बसतील." आपण कुणाचे उपकार घेतो आहोत असे त्या पोराला वाटू नये, म्हणून ही सारी बतावणी!

जूनमध्ये शाळा उघडल्यावर शोकसभा झाली. त्याची एक वही माझ्या हाती आली होती. तिच्या अखेरच्या लिहिलेल्या पानावर बालकवींची 'औदुंबर' ही कविता सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती आणि काही शब्दांखाली रेघा ओढलेल्या होत्या. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे? मी उभा राहिलो आणि भरल्या गळ्याने सांगितले, की त्या डोहाची हाक आपल्या मित्राला आधीच ऐकू आली असावी. सभा हेलावली. मलाही, खोटे कशाला बोलू, आपण चांगले बोललो असे वाटले.

सभा संपल्यावर त्याची आई जवळ आली. म्हणाली, "गुरुजी, ती कविता त्यानं पोरांकडून चित्रं काढून घ्यायची म्हणून लिहून ठेवली होती. कुठला खडू कुठं लागेल, त्याच्या खुणा आहेत त्या. तुम्ही सांगितलात तसा नव्हता हो तो."

मी घरी येऊन वही पुन्हा उघडली. रेघा हिरव्या, निळ्या, काळ्या होत्या. पांढऱ्या रंगाशी मात्र त्याने नुसती फुली केली होती. कागद मुळात पांढराच, तिथे खडू लागणार नव्हता.

माझ्या हातून जे घडले, तेच आपण बालकवींच्या बाबतीत वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावचा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाने जाणत्यांना चकित केले आणि 'बालकवी' हे नाव मिळवले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून ते गेले. वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. असे मरण आले की वाचक मागे वळतो आणि कवितेत त्याच्या खुणा शोधू लागतो. 'पारवा' आणि 'खेड्यातील रात्र' यांतली उदासी खरीच आहे. ती कुणी नाकारू नये. पण मग 'फुलराणी' आणि 'श्रावणमास' लिहिणारा हात दुसऱ्या कुणाचा होता काय? माणूस एका आठवड्यात हसतो आणि रडतोही. मृत्यूला मात्र त्यातले रडणेच साक्षीला लागते.

'औदुंबर' अवघी आठ ओळींची. झरा, चिमुकले गाव, मळे, कुरण आणि त्यातून निघालेली वाट डोहाशी येते. तिथे पाण्यात पाय सोडून झाड बसले आहे. डोह काळा आहे म्हणून तो मृत्यूचा, असे म्हणणाऱ्याने त्या काळिम्याला कवीने लावलेले विशेषण पाहावे. ते गोडव्याचे आहे, भयाचे नाही. मृत्यूचा अर्थ तिथे लागू शकतो, हे मी आजही मानतो. पण तो कविता देते म्हणून घ्यावा, कवी लवकर गेला म्हणून नव्हे. माझ्या मित्राने त्या आठ ओळी रंगांच्या क्रमाने वाचल्या होत्या, आणि त्या वाचनात काहीही वाया गेले नव्हते.

गेलेल्या तरुणाची आठवण कशी ठेवावी, हे लक्ष्मीबाई टिळकांकडून शिकावे. ठोंबरे अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले होते आणि लक्ष्मीबाईंना ते पोटच्या मुलासारखे होते. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा ठोंबरे जाऊन सोळा वर्षे झाली होती. टिळकही १९१९ साली गेले होते. दुःखाला तोटा नव्हता. तरी त्या पुस्तकातले ठोंबरे आधी घरातले माणूस आहेत, मग कवी. लक्ष्मीबाई त्यांना हसू देतात, रुसू देतात, घरात वावरू देतात. प्रत्येक पानावर त्यांच्या शेवटाची सावली धरून बसत नाहीत. माझ्या त्या भाषणापेक्षा त्यांची ही रीत कितीतरी अधिक प्रेमाची आहे.

ऑगस्टमध्ये मी ती वही घेऊन त्याच्या वर्गावर गेलो आणि मुलांना खडू वाटले. झाडे कुणाची वाकडी झाली, डोह कुणाचा कागदाबाहेर गेला. शेवटच्या बाकावरच्या एकाने झाडाशेजारी, पाण्यात पाय सोडून बसलेला एक माणूस काढला होता. कवितेत माणूस नाही, असे मी म्हणणार होतो. तेवढ्यात माझे लक्ष त्या माणसाच्या मांडीवर गेले. तिथे एक उघडा डबा होता.

ते चित्र मी त्याच्या आईला नेऊन दिले.