किलपेकचे चर्च आणि वास्तुसमीक्षेचे मौन

वास्तूला शैली असते, तशी समाजरचनाही असते. शैलीवर पानेच्या पाने भरायची आणि समाजरचनेला तळटीपही द्यायची नाही, हा अभिजन समीक्षेचा जुना परिपाठ. इंग्लंडमधील हियरफर्डशर परगण्यातल्या किलपेकच्या चर्चविषयी वाचताना मला त्याचा पुन्हा प्रत्यय आला.

हे लहानसे चर्च ११४० च्या सुमारास वालुकाश्मात बांधले गेले. एका रेषेत तीन दालने. पश्चिमेला लोकांचे मोठे, मध्ये धर्मगुरूंचे लहान आणि पूर्वेला वेदीचे अर्धवर्तुळाकार. आपल्या मंडप, अंतराळ, गाभाऱ्याची आठवण व्हावी अशी ही मांडणी. पावित्र्य वाढत जाते तशी जागा आक्रसते आणि माणसेही कमी होतात. दालनांमधली कोरीव कमान अप्रतिम आहे, असे अभ्यासक सांगतात. ती आहेच, पण ती सीमारेषाही आहे. अलीकडे भूदास आणि शेतकरी उभे, कारण बाके पुढच्या शतकांत आली. पलीकडे त्यांना न कळणाऱ्या लॅटिनमध्ये विधी. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देणारे हेच लोक. तेराव्या शतकापर्यंत रूढी पक्की झाली की, वेदीकडच्या दालनाची डागडुजी दशमांश घेणाऱ्याने करावी आणि लोकांच्या दालनाची लोकांनी. म्हणजे दशमांश द्यायचा आणि आपल्या डोक्यावरचे छप्परही आपणच सांभाळायचे!

तरीही भूदास आत येत होता. त्याच्या सावलीने वेदी बाटत नव्हती. काळाराम मंदिरात जाण्यासाठी १९३० मध्ये ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांनी ही दोन दुःखे एका मापाने मोजू नयेत, असे मला वाटते.

आता नावांचे पाहा. टॉमस रिकमनने १८१७ मध्ये इंग्रजी वास्तुशैलींची विभागणी केली. त्यातले पहिले नाव नॉर्मन, म्हणजे १०६६ च्या जेत्यांचे. आपल्याकडे यादवांच्या मंत्र्यावरून हेमाडपंती. शेजारच्या गढीचा सरदार ह्यू इतिहासाला ठाऊक आहे. दगड घडवणाऱ्यांच्या वाट्याला आले ते अभ्यासकांनी दिलेले 'हियरफर्डशर स्कूल' हे लेबल.

या अनाम हातांचे काम पाहावे ते बाहेरून. छपराच्या कडेखाली सुमारे ८५ कोरीव दगड टिकून आहेत. ससा आणि कुत्रा, वादक, झोंबणारी माणसे, आणि आपली योनी दोन्ही हातांनी उघडून दाखवणारी स्त्री. तिला कोणी वासनेविरुद्धचा इशारा म्हणतो, कोणी सुफलनाचे चिन्ह. आपल्यातले काहीजण इथे लगेच विद्रोह शोधतील. मला ते मान्य नाही. हे काम सरदाराच्या पैशाने आणि धर्मसत्तेच्या नजरेखाली झाले आहे. चोरून केलेले नाही. प्रत्येक वाकड्या तोंडात बंड पाहणारी समीक्षा त्या कारागिरावर आपलेच शब्द लादते. मला त्याचे कसब दिसते. दगडी कुत्र्याच्या लोंबत्या कानात रोज कुत्री पाहणाऱ्याची नजर दिसते. एवढे सांगायला धाडस लागत नाही, पण सौंदर्यवादी समीक्षेने तेही क्वचितच सांगितले.

चर्चच्या पश्चिमेला गढीचा मातीचा उंचवटा आणि भिंतीचे अवशेष आहेत. प्रवासी ते आवर्जून पाहतात. ईशान्येच्या कुरणात जुन्या गावातल्या घरांच्या जागा गवताखाली आहेत.