विठोबाशी भांडण किती गुणांचे?

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या आणि त्याचे मित्र आमच्या हॉलमध्ये ‘रोल-प्लेइंग गेम’ मांडून बसले होते. यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात आणि अडेल तिथे फासा निकाल देतो. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर बळ, चपळाई यांच्याबरोबर स्वभावाचेही आकडे लिहितात. एकाला वारकरी व्हायचे होते. त्याने विचारले, “काका, याची भक्ती किती लिहू? सोळा चालेल?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून या खेळांची नियमपुस्तके वाचतो आहे.

भक्तीला खेळात बसवण्याची खटपट आपल्याला नवी नाही. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. ते सिद्ध झालेले नाही. ७२ घरांच्या वैष्णव पटात ५४व्या घरी भक्ती आहे आणि तिथली शिडी थेट ६८व्या घरी, वैकुंठात नेते. इतर साधनांपेक्षा भक्ती जवळची वाट, हा सिद्धान्त पटाने एका रेषेत सांगितला. पण पटावरच्या सोंगटीला स्वभाव नसतो. भक्तीच्या घरी तिला दान आणते, तिची ओढ नव्हे.

स्वभाव आला तो पाश्चात्त्य पात्रखेळांत. १९८६ साली निघालेल्या ‘गर्प्स’ या खेळात पात्र गुण मोजून विकत घ्यावे लागते. त्याच्या २००४च्या चौथ्या आवृत्तीत धर्मनिष्ठेची व्रते उणिवांच्या यादीत आहेत. विरक्ती पत्करली की १५ गुण परत मिळतात आणि ते दुसऱ्या कौशल्यावर खर्चता येतात. व्रताने माणसाच्या हालचालीवर बंधन येते, एवढेच या हिशेबाला दिसते. ते बंधन माणूस आपखुशीने का घेतो, ते दिसत नाही.

ग्रेग स्टॅफर्ड यांचा ‘पेंड्रॅगन’ (१९८५) याहून खोल जातो. आर्थर राजाच्या सरदारांच्या या खेळात परस्परविरोधी स्वभावांच्या तेरा जोड्या आहेत. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. त्यांतली एक जोडी धार्मिक आणि ऐहिक वृत्तीची. धार्मिकता सोळा झाली की ऐहिकता चारवर येते. नियमकर्त्यांच्या बाजूने हे म्हटले पाहिजे की, हा आकडा श्रद्धेचे माप नाही. पात्र बहुधा कसे वागते, याची ती नोंद आहे. मठ आणि दरबार वेगळे असलेल्या जगात ती नोंद शोभतेही.

आपल्याकडे मात्र याच बेरजेपाशी गाडी अडते. सावता माळ्याचा मळा ऐहिक रकान्यात घालायचा की धार्मिक? पैठणचे एकनाथ संसारी गृहस्थ. त्यांचा प्रपंच वाढला तर परमार्थ तेवढा उणा धरायचा का? वारकरी परंपरेने ही वजाबाकीच नाकारली आहे. मळा सोडून देवाकडे जायचे नसते.

‘पेंड्रॅगन’मध्ये आणखी एक खाते आहे, उत्कट भावनांचे: स्वामिनिष्ठा, प्रेम, द्वेष. या भावनांना जोडी नसते. त्या बहुधा कुणाविषयी तरी असतात. भक्तीची जागा खरे तर इथे आहे, कारण भक्ती हे नाते आहे. पण फासा उलटा पडला की पात्र खचते आणि भावनेला ओहोटी लागते, हे या खात्याचे गणित मला पटत नाही.

माझी आई माळकरी होती. दर फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला जायची. माझा धाकटा भाऊ गेला त्या वर्षी ती गेली नाही. चुलीपुढे बसून विठोबाला बोल लावायची, पण गळ्यातली माळ तिने उतरवली नाही. त्या वर्षी तिची भक्ती दोनाने घटली असे लिहायचे? ज्याच्यावर हक्क आहे त्याच्याशीच माणूस असा भांडतो. जनाबाई आणि तुकारामही देवाशी भांडलेच. नियमाला जी ओहोटी वाटते, ती आपल्याकडे कित्येकदा भरती असते.

भूमिका घेऊन भक्ती सांगण्याची आपली स्वतःची रीत म्हणजे भारूड. एकनाथांनी जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या, महार अशी सोंगे उभी केली. या जोशाच्या अंगी भक्ती किती, असे प्रेक्षक विचारत नाही. जोशी भविष्यच सांगतो, वासुदेव दानच मागतो. त्या त्या धंद्याच्या बोलीतूनच अर्थ देवाकडे वळतो. भक्ती इथे इतर गुणांशेजारचा आणखी एक गुण नाही. ते सारे गुण ज्या नात्याने वापरले जातात, ते नाते आहे.

म्हणून नियम करायचाच तर रकान्यात आकडा नको. नाते कुणाशी, त्यापायी काय सोडवत नाही आणि तक्रार कोणती, एवढे लिहावे. फासा टाकायचाच, तर ते नाते त्या घटकेला कोणत्या रूपात बाहेर येईल यासाठी टाकावा: सेवा, मौन की भांडण.

परवा तो मुलगा आला तेव्हा हे सगळे त्याला सांगितले. त्याने कागदावरचा सोळा खोडला आणि तिथे लिहिले, ‘विठोबाशी अबोला. वारी चालू.’